उचल

मी जे बोललो ते बोललो. ते काय होतं हे सांगून आता उपयोग नाही. गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं आणि दुबईतला अल खैल रोड सोडून अल क्वोजच्या शेडांमध्ये शिरेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. आजी असती तर चुलीपुढून मान न वळवता म्हणाली असती, "उचलली जीभ, लावली टाळ्याला."

ही म्हण लहानपणी मी इतक्यांदा ऐकली की अर्थ कळायच्या आधीच तिचं प्रात्यक्षिक करून पाहिलं होतं. आरशापुढे उभं राहायचं, आ करायचा, जीभ उचलायची, टाळ्याला लावायची. एवढं केल्यावर काहीच बोलता येत नाही. फार तर बैल हाकताना काढतात तसा 'टॉक्' असा आवाज निघतो. माझी तक्रार तेव्हापासूनची आहे: टाळ्याला लागलेली जीभ म्हणजे गप्प बसलेली जीभ. भीतीने तोंड कोरडं पडतं तेव्हाही ती तिथेच जाऊन चिकटते. मग ही म्हण वाटेल ते बोलणाऱ्याच्या वाट्याला का आली? आजीला विचारलं, तर तिने तीच म्हण पुन्हा माझ्या अंगावर टाकली.

परवा त्या शांततेत मी तोंड मिटून पुन्हा तोच खेळ करत होतो. 'लिफ्ट' म्हणून पाहिलं. 'ल'ला जीभ वरच्या दातांमागे टेकते, 'फ'ला निमूट खाली पडून राहते, 'ट'ला पुन्हा वर जाऊन मागे वळते. एवढ्याशा शब्दात दोनदा चढण. 'उचल'मध्येही तेच, एकदा 'च'ला (हा चमच्यातला च, चहातला नव्हे) आणि एकदा 'ल'ला. वर नेणारे शब्द जिभेलाही वर नेतात, असा काही सिद्धांत हाताशी येतोय म्हणून मी जरा खूश झालो. मग 'खाली' म्हणून पाहिलं. तिथेही जीभ वरच जाते.

लिफ्ट हा शब्द डोक्यात घोळत होता, कारण इथे दिवसभर तोच कानावर पडतो. शारजातल्या अल नहदाहून सकाळी आम्हाला घेऊन निघणारी गाडी ही 'कार लिफ्ट'. गावाकडे लिफ्ट म्हणजे फाट्यावर अंगठा दाखवून मिळते ती, फुकटची. इथली लिफ्ट महिन्याच्या बोलीवर, पैसे आगाऊ. परवान्याची कार लिफ्ट वेगळी आणि बिनपरवान्याची वेगळी. आमची कुठली, हे मी कधी विचारलेलं नाही. गोदामात उतरलो की फोर्कलिफ्ट. शेजारच्या गॅरेजात दोन खांबांच्या लिफ्टवर टांगलेली गाडी आणि तिच्या पोटाखाली मान वर करून उभा असलेला माणूस. पलीकडे भाड्याने जाणाऱ्या सिझर लिफ्ट, मिटलेल्या कात्र्यांसारख्या उन्हात ओळीने. दुपारच्या जेवणाला कानपूरचा एक जण सुपरवायझर आपल्याला लिफ्ट देत नाही म्हणून कुरकुरतो. या सगळ्याच्या मागे, हवा स्वच्छ असली की, बुर्ज खलिफा. ८२८ मीटर, आणि आत सेकंदाला दहा मीटर चढणाऱ्या लिफ्ट.

गंमत म्हणजे या जागेचं नावही उंचवट्याचंच आहे. अरबीत 'कौझ' म्हणजे वाळूची टेकडी. टेकडी आता दिसत नाही. सपाट जमीन, सपाट पत्रे, आणि संगमरवराच्या जुन्या कारखान्याच्या जागी उभी राहिलेली अलसरकाल अव्हेन्यूची कलादालनं, तीही गोदामाच्याच आकाराची.

इंग्रजांनी 'लिफ्ट' हा शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून घेतला आणि तिथे त्याचं नातं हवेशी, आकाशाशी आहे. म्हणजे मुळातच हलका शब्द. आपल्या सरकारने त्याला मराठीत वजन दिलं. महाराष्ट्रात २०१७ साली लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांचा नवा कायदा झाला, त्यात लिफ्टला 'उद्वाहन' म्हटलं आहे. उद् म्हणजे वर, वाहन म्हणजे वाहून नेणारं, चूक काहीच नाही. पण संस्कृतात 'उद्वाह' म्हणजे लग्न. नवरीला माहेरातून उचलून नेणं. आमच्याकडे बोहल्यापर्यंत तिला मामा उचलून आणत असे, तेव्हा मामालाही उद्वाहन म्हणायला हरकत नव्हती. माझे मामा वजनाने साठ किलो, आणि माझी थोरली बहीण... असो.

'उचल' मात्र कुणी समितीत बसून घडवलेला शब्द नाही. तो चालत आलाय. अक्षरशः, कारण त्याच्या मुळाशी संस्कृतातलं उद् अधिक चल् आहे: उठून चालू लागणं, जागा सोडणं. फोन उचलायचा, पाय उचलायचा, हात उचलायचा (यातला शेवटचा वर जातो तो खाली येण्यासाठीच). नकोशा अधिकाऱ्याची उचलबांगडी होते. वरचं न्यायालय खालचा निकाल उचलून धरतं. जुनं दुखणं उचल खातं. आणि दुकानातून वस्तू नाहीशी झाली तर इंग्रजीतही ती लिफ्टच होते आणि मराठीतही कुणीतरी उचललेलीच असते. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. उचल्या हे त्यांच्या जमातीचं नाव, ब्रिटिशांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत जगलेल्या लोकांचं. पुस्तक इंग्रजीत गेलं तेव्हा नाव झालं 'द ब्रँडेड', डागलेला. हाताचा शब्द कपाळावर गेला. अनुवाद म्हणून तो बरोबर की चूक, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

पण पाथर्डी तालुक्यात माझ्या लहानपणी 'उचल' म्हटलं की यातलं काहीच कुणाच्या डोळ्यांपुढे येत नसे. उचल म्हणजे मुकादमाने ऊसतोडीसाठी आधीच दिलेले पैसे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हिशेब माणसांचा नाही, कोयत्यांचा. हंगाम सुरू व्हायच्या आधी पैसे हातात यायचे आणि पोरीच्या लग्नात, दवाखान्यात, घरावरच्या पत्र्यांत जायचे. त्याला 'अंगावर उचल घेणं' म्हणत. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक यायचा, भांडीकुंडी, शेळी, लेकरं वर चढायची, आणि शाळेत वडिलांच्या हजेरीपटावर एकेका नावापुढे 'ऊसतोडीला' असा शेरा पडायचा. उन्हाळ्यात परत आल्यावर हिशेब. फिटली तर फिटली, नाहीतर उरलेली उचल पुढच्या साली.

वडील शिक्षक, म्हणून लोक कागद वाचून घ्यायला आमच्या ओट्यावर येत. एक जण यायचा तो आकडा दोनदा वाचायला लावायचा. वडील वैतागत, "एकदा सांगितलं ना?" तो म्हणायचा, "एक डाव माझ्यासाठी गुरुजी, एक डाव तिच्यासाठी." ती रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी असायची. कागदावर अंगठा त्याच्या एकट्याचा. फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या हातभर रुंदीच्या फळीवरून वर मात्र तीही जायची. इंग्रजी लिफ्टच्या कुठल्याही अर्थात ही फळी बसत नाही, असं मला फार दिवस वाटत होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता. कसला, कोण जाणे. उचल घ्यायची वेळ आमच्या घरावर कधी आलीच नव्हती.

अल क्वोजच्या कामगार वस्तीतल्या खोल्यांमध्ये मी हिशेबाच्या कामानिमित्त जातो. तिथे कुणी उचल म्हणत नाही. इथला कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. तरी गावी व्याजाने काढून एजंटाच्या हातावर ठेवलेले पैसे बऱ्याच जणांच्या बोलण्यात येतात. मी मनात मांडणी करून पाहिली: तिकडे मुकादम पैसे देतो आणि मग माणूस जातो, इकडे माणूस पैसे देतो आणि मग जातो. म्हणजे ही उचलीची उलटी बाजू. की तीच बाजू? अंगावर काहीतरी घेऊनच दोघेही ट्रकमध्ये किंवा विमानात चढतात. मी कंपनीच्या खर्चाने आलो. माझ्या अंगावर सामानाच्या तेवीस किलोंपलीकडे काही नव्हतं. ज्याच्या अंगावर काही नाही त्याला जीभ उचलायला किती सोपं जातं, हे परवा गाडीत कळलं असं म्हणणार होतो. पण तेही मी फार चटकन म्हणतोय असं वाटतं.

शिवाय हिशेब सरळ नाहीच. कार लिफ्टचे महिन्याचे साडेचारशे दिरहॅम मी पहिल्या तारखेला देतो, म्हणजे ड्रायव्हरच्या अंगावर माझी उचल असते आणि तो ती रोज थोडी थोडी फेडतो. या नात्याने मी मुकादम झालो. हे काही मला आवडलं नाही, म्हणून तो धागा तिथेच सोडला.

ज्याला बोललो तो पोरगा रोज गाडीत असतो. तेलंगणातला, निजामाबादचा. पूर्वीसारखाच खिडकीशी बसतो, कानात गाणी. त्याला मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही. 'माफ कर' मात्र हिंदीतही तेच आणि मराठीतही तेच. 'म' आणि 'फ' ओठांचे, 'क' घशाशी. जिभेचं टोक उचलावं लागतं ते फक्त शेवटच्या 'र'ला, आणि तेही जरासंच. गाडीतच, तोंड मिटून, तपासून पाहिलंय. अजून म्हटलेलं नाही.