फ्रायडे हार्बरची मोरी

ॲनाकॉर्टिसच्या धक्क्यावरून आगबोटीनें निघून आम्ही सॅन वान बेटावरील फ्रायडे हार्बर या लहानशा बंदरीं उतरलों, तेव्हां दिवस कलला होता. अमेरिकेच्या वायव्य टोंकास, वॉशिंग्टन संस्थानांत, हें बेट आहे. लोक येथें देवमासे पाहावयास येतात. आमचें ध्यान मात्र विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेकडे, खरें सांगावयाचें तर तेथील एका मोरीकडे, लागलें होतें.

सन १९६१ च्या उन्हाळ्यांत फ्रँक जॉन्सन व ओसामु शिमोमुरा हे शास्त्रज्ञ प्रिन्स्टनहून मोटारीनें सारा देश ओलांडून येथें आले. छत्रीसारखा पारदर्शक इक्वोरिया नांवाचा जेलीमासा तेव्हां धक्क्यापाशीं विपुल वाहत येई. त्यास डिवचलें असतां कडेस हिरवें तेज उमटे. काजव्याच्या प्रकाशास ल्युसिफेरिन व ल्युसिफेरेज हीं दोन द्रव्यें लागतात; तींच येथेंही असावींत या समजुतीनें शोध सुरू झाला, आणि फसला. शिमोमुरा होडींत एकटेच विचार करीत बसत. प्रकाश देणारें द्रव्य प्रथिन असेल, तर आम्लानें तें तात्पुरतें निजवितां येईल, असें त्यांस सुचलें. तसेंच झालें. आम्ल मारतांच अर्क पुन्हा मंद उजळला. आणि उरलासुरला मोरींत ओतला, तों सारी मोरी निळ्या प्रकाशानें लखलखली! तींत मत्स्यालयाचें खारें पाणी वाहत होतें. त्यांतील कॅल्शियमची ही करामत. इक्वोरिन नामक त्या प्रथिनांत प्राणवायु आधींच बांधलेला असतो. कॅल्शियमचा स्पर्श तेवढा पुरे होतो. सन १९६७ त तें जिवंत स्नायुतंतूंत टोंचून, आकुंचनसमयीं होणारी कॅल्शियमची हालचाल प्रकाशरूपानें टिपण्यांत आली.

जेलीमाशांतील दुसरें एक प्रथिन हा निळा प्रकाश घेऊन हिरवा करून देतें. तें शोधतां शोधतां आयतेंच हातीं लागलें, आणि त्याच्याचपायीं सन २००८ चें नोबेल पारितोषिक शिमोमुरांस, चाल्फी व त्सिएन यांजबरोबर, मिळालें. सोळाव्या वर्षीं नागासाकीच्या बाँबनें क्षणभर डोळे दिपलेला हाच तो मुलगा!

पण त्या उन्हाळ्यांत सुमारें १०,००० जीव धरून, कडा कातरून, कापडांतून पिळले गेले, आणि शुद्ध द्रव्य निघालें कांहीं मिलिग्रॅम. हें ऐकून आमच्या मंडळींचा चेहरा उतरला. सन १९८५ त जनुक हातीं आल्यापासून तेंच काम जंतूंकडून करवितां येतें, असें सांगून आम्ही समजूत घातली.

रात्रीं धक्क्यावर ओणवून तासभर पाणी न्याहाळलें. सन १९९० नंतर येथें हे जेलीमासे फारच विरळ झाले आहेत. मंडळींनीं काठीनें पाणी दोनदां ढवळलें. कांहींच उजळलें नाहीं. वारा बोंचूं लागला, तेव्हां उठलों.