तेरचे झिजलेले नाणे

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजे सातवाहनकाळचे तगर. तेथील त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह होते, असे अभ्यासक मानतात. तेच पाहायला आम्ही वस्तीतील मंडळी गेलो होतो. मागची अर्धगोल बाजू फिरून पाहिली की कार्ल्याची आठवण होते.

पांढरीच्या टेकाडाजवळ एका मुलाने नाणे पुढे केले. नखाएवढे, हिरवट, गुळगुळीत. "बुद्धाचं हाय का?" आमच्यातील एका ताईंनी तर ते डोळ्यांना लावले!

नाणे तिरप्या उन्हात धरले. एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती अंधुक दिसला. उलट बाजूस अधिकचे चिन्ह, चारही टोकांना वर्तुळे. याला उज्जैन चिन्ह म्हणतात. ही जोडी दिसली की नाणे बहुधा सातवाहनांचे. धातू तांबे, शिसे किंवा तांब्यात कथील-शिसे मिसळलेले पोटीन. राजाचे नाव कडेने ब्राह्मी लिपीत असते, पण कड त्या मुलाने चिंचेने घासून लख्ख केली होती. आता कोणता सातकर्णी, ते कसे सांगणार?

हत्ती दिसला म्हणून नाणे बुद्धाचे होत नाही, हे आपल्या बांधवांना सांगावेच लागते. तथापि याच राजांनी भिक्खूसंघाला जमीन दिल्याचे लेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेले आहेत.

शहरातले व्यापारी असली नाणी चिल्लर देऊन नेतात. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तेरमध्येच लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. मुलाच्या वडिलांना आम्ही तेथला रस्ता दाखवला.