मतानोच्या पाण्यातली माणके

इंडोनेशिया म्हटले की आपल्याकडच्या पर्यटकाच्या डोळ्यांसमोर बाली उभे राहते. फार तर जावातले बोरोबुदुर. पण नकाशावर जावाच्या ईशान्येला हातपाय पसरून बसल्यासारखे दिसणारे एक विचित्र आकाराचे बेट आहे, सुलावेसी. जुन्या भूगोलाच्या पुस्तकातले सेलेबीज ते हेच. या बेटाच्या मध्यभागी, डोंगरांच्या कुशीत मालिलीची पाच तळी आहेत. त्यांतली तीन मोठी, मतानो, महालोना आणि तोवुती. ती एकापाठोपाठ एक नद्यांनी जोडलेली आहेत आणि शेवटी लारोना नदी त्यांचे पाणी समुद्राला नेऊन देते.

बेटाच्या दक्षिणेकडच्या मकासर शहरातून संध्याकाळची बस पकडली की रात्रभराच्या प्रवासानंतर सोरोवाको येते. हे निकेलच्या खाणीचे गाव, अगदी मतानोच्या काठावर वसलेले. माती तांबडीलाल, लोखंड आणि निकेल यांनी भरलेली. लुवू नावाच्या या प्रदेशातले लोखंड पूर्वी थेट जावापर्यंत जाई. तिथले लोहार क्रिस खंजिराच्या पात्यावर रुपेरी नक्षी उमटवण्यासाठी ते वापरत.

अशा लाल मातीच्या मधोमध मतानोचे पाणी मात्र काचेसारखे नितळ! या तळ्याची खोली सुमारे 590 मीटर. आठ कुतुबमिनार एकावर एक रचले तरी शेवटच्याचा कळस पाण्याबाहेर यायचा नाही. साधारण शंभर मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायूच नाही. तिथले लोहयुक्त पाणी अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्रासारखे असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सगळा जीवसंसार वरच्या थरात, काठाकाठाच्या दगडांवर.

तळ्याचे वय आणि कोळंबीचे घर

बहुतेक तळी काही हजार वर्षांत गाळाने भरून जातात. मतानो मात्र दहा लाखांहून अधिक वर्षे टिकून आहे. एवढा अवधी मिळाला की निसर्ग काय करतो, हे पाहायचे तर इथली कोळंबी पाहावी. आपल्या बाजारातल्या कोळंबीपुढे ही अगदीच इवलीशी, दोन-अडीच सेंटीमीटरची, काही तर त्याहूनही लहान. शास्त्रातले तिचे कुळनाव कॅरिडिना.

नदीतली कॅरिडिना बहुधा शेकडो बारीक अंडी घालते. त्यांतली पिल्ले वाहत खाडीपर्यंत जातात आणि मोठी होऊन परततात. तळ्यातल्या कोळंबीने ही यात्रा सोडून दिली. ती थोडीच, पण मोठी अंडी घालते आणि त्यांतून जवळजवळ पूर्ण घडलेले पिल्लू बाहेर येते. ते कुठे जात नाही. जिथे जन्मले, तिथेच संसार थाटते. मग कुणी दगडावर राहू लागली, कुणी बुडालेल्या लाकडावर, कुणी सडक्या पानांत. जसे अन्न, तसे पायांचे ब्रशासारखे चिमटे बदलत गेले. पिढ्यान्‌पिढ्या असे चालता चालता वेगवेगळ्या जाती तयार झाल्या. आज या तळ्यांत कोळंबीच्या डझनाहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत.

पॉल आणि फ्रिट्झ सारासिन हे स्विस चुलतभाऊ 19व्या शतकाच्या अखेरीस इथवर आले. त्यांनी नेलेल्या नमुन्यांवरून 1902 मध्ये पहिली वर्णने छापली गेली. पण स्पिरिटच्या बाटलीत घातलेल्या कोळंबीचा रंग उडून जातो, आणि उरलेला फिकट देह पाहून जाती ओळखणे कठीण. तेव्हा खरा उलगडा व्हायला पुढची शंभर वर्षे लागली. शास्त्रज्ञांनी पाण्यात बुड्या मारून प्रत्येक कोळंबी जिवंत पाहिली, ती कोणत्या दगडावर बसते हे टिपले, नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पाय आणि डोक्यावरच्या सोंडेचे दात मोजले, आनुवंशिक द्रव्यही तपासले. 2006 मध्ये तोवुतीतली एक जात जाहीर झाली. ती स्पंजाच्या भोकांत बिऱ्हाड करून राहते! 2009 मध्ये क्रिस्टिना फॉन रिंटेलेन आणि यिशियोंग काय या शास्त्रज्ञांनी सुलावेसीच्या प्राचीन तळ्यांतल्या आणखी आठ नव्या जातींचे वर्णन केले.

त्या आठांतली सर्वांत देखणी मतानोची. गडद लाल अंग, त्यावर पांढरे ठिपके आणि पुढचे पाय शुभ्र. दगडावरचे शेवाळ ती त्या पांढऱ्या पायांनी इतक्या लगबगीने खरवडते, की जणू विणकामच चालले आहे. कार्डिनल धर्मगुरूंच्या लाल झग्यावरून शौकिनांनी तिला कार्डिनल म्हटले. तिचे शास्त्रीय नाव, कॅरिडिना डेन्नेर्ली, मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या जर्मन अॅक्वेरियम कंपनीवरून पडले.

पाहुणा आला आणि...

पण बारशाचा आनंद फार टिकला नाही. फ्लॉवरहॉर्न हा डोक्यावर टेंगूळ असलेला मासा आपल्याकडच्या अॅक्वेरियमच्या दुकानांतही दिसतो. घरात भाग्य आणतो, या समजुतीने पुष्कळजण तो विकत घेतात. हा निसर्गातला मासाच नव्हे. 1990च्या दशकात मलेशियात संकर करून तो तयार केला गेला. कुणीतरी तो मतानोत सोडला. तो फोफावला, दगडांच्या कपारी धुंडाळू लागला आणि समोर येईल ते गिळू लागला. लाखो वर्षे अशा शत्रूशी गाठच न पडलेल्या इवल्या जिवांना पळायचे कसे, हेही ठाऊक नव्हते. शिवाय खाणीच्या परिसरातली धूप आणि नद्यांवरची धरणे यांचा ताण होताच.

अलीकडच्या वर्षांतल्या शोधांत कार्डिनल कोळंबी मतानोत सापडलेली नाही. आंतरराष्ट्रीय यादीत तिची नोंद अत्यंत संकटग्रस्त अशी आहे. आज ती जिवंत आहे ती जपान-जर्मनीपासून अनेक देशांतल्या घरांत, काचेच्या पेट्यांमध्ये, कोमट पाण्यात. छंदिष्टांनी तिला तळ्यातून उपसले आणि छंदिष्टांनीच तिचा वंश राखला, असा हा विचित्र हिशोब! तिला माहेरी परत न्यायचे, तर आधी माहेर सुरक्षित व्हायला हवे. आणि एवढ्या मोठ्या तळ्यातून एकदा रुजलेला मासा वेचून काढणे फार अवघड.

मतानोला जाणे सगळ्यांना जमेल असे नाही. पण घरात माशांची पेटी अनेकांच्या असते. मासा मोठा झाला, मुले कंटाळली, बदली झाली की ‘बिचारा जगू दे’ म्हणून त्याला गावच्या तळ्यात किंवा नदीत सोडणारे दयाळू लोक आपल्यातही आहेत. ती दया महागात पडते. मासा नको असेल, तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्या. तळ्यात मात्र सोडू नका. त्या तळ्याच्या तळाशी कोण राहते, याची मोजदाद अजून कुणी केलेलीही नसेल.