दमा : एक शब्द आणि अनेक आजार

आमच्या धाराशिव जिल्ह्यात श्वासाचा विकार कोणताही असो, त्याला नाव एकच : दमा. तुराट्या-गोवऱ्यांच्या धुरात हयात गेलेली बाई, खळ्यावरच्या भुश्शाने धाप लागणारा शेतकरी, फुप्फुस हळूहळू ताठर होत गेलेला शिक्षक, हे सारे त्या एका शब्दात मावतात. भाषेचे अध्यापक म्हणून शब्दाच्या अशा ऐसपैस व्याप्तीचे आम्हांला एरवी कौतुकच वाटले असते. परंतु आमच्यापैकी एकाच्या आईवर याच शब्दाखाली अनेक वर्षे उपचार झाले आणि निदान पुढे वेगळेच निघाले. दोन वर्षांपूर्वी श्वासाची क्षमता किती होती, असे तज्ज्ञांनी विचारले, तेव्हा उत्तर कोणापाशीच नव्हते. कागद पुष्कळ होते. त्यांतून आजाराचा इतिहास मात्र जुळत नव्हता.

रुग्ण-नोंदवहीचे महत्त्व आम्हांला तेथून उमगू लागले. एका आजाराच्या अनेक रुग्णांचे वय, काम, घरातील इंधन, तपासण्यांचे आकडे, औषधे आणि अखेरीस मृत्यूसुद्धा तिच्यात ठरावीक पद्धतीने, वर्षानुवर्षे नोंदवले जातात. फुप्फुसाच्या जुनाट विकारात सुट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. तो किती वेगाने घसरतो, हे पाहावे लागते.

अशा नोंदीचे मोल या भागाने कर्करोगाच्या बाबतीत पाहिले आहे. १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील भूम व परांडा हे तालुके तिच्यात होते. रुग्ण इस्पितळात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगावी जात. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या अवस्थेतच उपचारासाठी येऊ लागल्या. १९९९ साली याच जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २००९ साली त्यातून जगापुढे आले. कोण आजारी पडले, कोण गेले, याची नोंद होती म्हणूनच हे सांगता आले.

फुप्फुसांच्या बाबतीत २०१२ ते २०१५ या काळात भारतातील १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी आयएलडी या विकारसमूहाच्या १,०८४ रुग्णांची नोंदवही केली. त्यांपैकी ४७.३ टक्के रुग्णांना श्वासावाटे गेलेल्या सूक्ष्म घटकांच्या वावड्यामुळे होणारा विकार होता आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध आलेला होता. एका रुग्णाच्या घरातला कूलर ही डॉक्टरांच्या दृष्टीने किरकोळ बाब. शेकडो नोंदींत तोच पुनःपुन्हा दिसू लागला, की शोधाला दिशा मिळते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून मिळवून लीळाचरित्र सिद्ध केले. विखुरलेल्या स्मरणांना एकत्र आल्यावर जो अर्थ येतो, तो साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही.

मात्र ही नोंदवही शहरांतील केंद्रांची. परांड्याच्या वाडीवरची जी बाई तेथवर पोहोचली नाही, ती तिच्यात नाही. तिच्यासाठी बार्शीचीच रीत हवी. आशा कार्यकर्ती तिशीपुढील माणसांचा जो तक्ता भरते, त्यात धाप आणि स्वयंपाकाचे इंधन यांविषयी प्रश्न आहेतच. त्या उत्तरांना श्वासाच्या तपासणीची आणि पुढील वर्षांच्या आकड्यांची जोड मिळावी, रुग्णाची संमती घेतली जावी, नाव गुप्त राहावे. मग 'दमा' या शब्दाखाली आमच्या जिल्ह्यात किती निरनिराळे आजार वावरतात, ते कळू लागेल.