खाडा पडेल म्हणून लपवलेला ताप

चऱ्होली बुद्रुक

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. चाकणला तुझ्या कारखान्यातल्या दवाखान्यात माणसं खोकत येतात, मास्क दिला तर खिशात घालतात. मग दंड लावायला सांगू का, असं विचारलंयस. मी डॉक्टर नाही. पण सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आम्ही शिक्षक इथं दारोदार फिरलो होतो. त्या बळावर सांगते, दंडाच्या नादी लागू नकोस.

पाचशे रुपये दंड होता तेव्हा पोरं गाडीच्या हँडलला मास्क अडकवून हिंडायची. पोलीस दिसला की कानाला, पुढं गेलं की परत हँडलला. मास्क पोलिसासाठी होऊन बसला. घरी म्हातारी आई होती, तिच्यासाठी तो कुणी लावला नाही.

दारात उभी राहून मी एक गोष्ट सारखी बघत होते. माणूस गप्प असेपर्यंत मास्क नाकावर, बोलायची वेळ आली की बोटानं हनुवटीखाली. तोंडातले बारीक तुषार बोलतानाच जास्त उडतात, मोठ्यानं बोललं तर आणखी. आपल्याला काही होऊ नये म्हणून मास्क, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं. आपल्यामुळं दुसऱ्याला होऊ नये, हे फार थोड्यांपर्यंत पोचलेलं. एका आज्जींना म्हटलं, “हा तुमच्या नातवासाठी आहे.” त्यांनी तिथल्या तिथं डोक्यावरचा पदर सारला आणि दोऱ्या कानात अडकवल्या.

तुझ्याकडं तर मशीनचा आवाज, बोलायचं म्हणजे ओरडायचं. म्हणून मास्क खाली येतो. शिवाय गॉगलवर वाफ धरते. वरची पट्टी नाकावर दाबून बसवली की वाफ बरीच कमी होते; प्रत्येकाला एकदा करून दाखव. झडपेचे मास्क मागवू नकोस. श्वास सोडताना झडप उघडते आणि आतली हवा न गाळता बाहेर येते. केंद्रानं जुलै २०२० मध्येच राज्यांना तसं पत्र लिहिलं होतं.

बांगलादेशात त्या काळात सहाशे गावांत एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट घरपोच दिले, कसा लावायचा ते सांगितलं, बाजारात उघड्या तोंडाचा माणूस दिसला की थांबवून आठवण केली, गावातल्या मानाच्या माणसांनी स्वतः मास्क लावले. बाकीच्या गावांत नीट मास्क लावणारे १३ टक्के, मास्क दिलेल्या गावांत ४२. मोबाइलवरच्या संदेशांनी त्यात भर पडली नाही. नुसती सूचना पुरत नाही; तेव्हा फलक छापण्यात पैसे घालवू नकोस. लाइनवरचा एखादा जुना, पोरं ज्याचं ऐकतात असा कामगार हाताशी धर, आणि साहेबांना राउंडला मास्क लावून यायला सांग.

आपली माणसं ऐकत नाहीत, हे मात्र मला पटत नाही. २०२० आणि २०२१ ला माउलींच्या पादुका आळंदीहून एसटीनं पंढरपूरला गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या पायी जाणारे वारकरी घरी थांबले. एवढं ज्यांनी सोडलं, त्यांना कापडाची पट्टी जड का व्हावी?

तुझ्या पत्रातच त्याचं उत्तर आहे, तुझ्या लक्षात आलं का बघ. मास्क खिशात घालणारे बहुतेक कंत्राटी आहेत असं तू लिहिलंस. मास्क लावला की हा आजारी आहे हे सुपरवायझरला कळतं, तो घरी पाठवतो, खाडा पडतो, रोज बुडतो. ईएसआय विम्याचा आजारपणाचा भत्ता रोजाच्या ७० टक्के मिळतो, पण पहिले दोन दिवस साधारणपणे कोरडेच जातात. खोकला-ताप इतरांना लागण्याची भीती जास्त असते ती याच सुरुवातीच्या दिवसांत. पोरगं ताप लपवणार नाही तर काय करणार?

म्हणून मास्कची खोकी मागवण्याच्या अर्जातच हे दोन दिवस भरपगारी मागून घे, कंत्राटी कामगारांसाठीसुद्धा. कंत्राटदार कुरकुरेल. पण एका आजारी माणसामुळं अख्खी शिफ्ट आडवी पडली तर किती नुकसान होईल, तो हिशेब अर्जाला जोड. मांडणी जमली नाही तर रविवारी कागद घेऊन ये, दोघी मिळून लिहू.

तुझी,
मावशी