एक दिवस कांचनगंगेसाठी

दिवाळीच्या सुट्टीत हिमालय पाहायचा असे एकदा घरात ठरले, की कागद-पेन्सिल पुढे येते आणि पाहता पाहता सात दिवसांत चार गावे कोंबली जातात. दार्जिलिंगच्या वाट्याला एक रात्र आणि एक पहाट येते. ‘चारला उठणे, टायगर हिल, सूर्योदय, कांचनगंगा, मग नाश्ता आणि पुढे गंगटोक!’ बेत मोठा नामी. पण तो कांचनगंगेला कोणी कळवायचा?

हे शिखर ८,५८६ मीटर उंच, जगातले तिसरे. मात्र धुके उतरले की ते मुळी नसल्यासारखेच होते. मे महिन्यात ढगांची ये-जा फार. जून ते सप्टेंबर पाऊस आणि दरडी. ऑक्टोबरच्या मध्यापासून आकाश बहुधा निवळू लागते. म्हणून आपली दिवाळीची सुट्टी या गावाला मानवते. तरीही पर्वताचा भरवसा धरू नये. २०२५ च्या ऑक्टोबरात, पहिल्याच आठवड्यात, याच जिल्ह्यात मिरिककडे दरडी कोसळून कितीतरी माणसे दगावली. तेव्हा हवामानाची बातमी पाहूनच निघावे, आणि परतीच्या तिकिटाआधी एक दिवस हाताशी राखावा.

माझे ऐकाल तर दार्जिलिंगला तीन रात्री द्या. बागडोग्र्याचा विमानतळ किंवा न्यू जलपायगुडी स्टेशन गाठल्यावर पुढचा चढ जीपने करावा. छोटी आगगाडीही आहे. पण ८८ किलोमीटरांना ती सारा दिवस घेते. १८८१ साली सुरू झालेली ही गाडी अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून चालते. बोगदा नाही, दातेरी रूळ नाही. कुठे वळसा घेऊन, तर कुठे पुढे-मागे होत ती २,२५८ मीटरवरचे घूम गाठते. १९९९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. मुले बरोबर असतील तर दार्जिलिंग ते घूम आणि परत एवढी फेरी पुरे.

एक दिवस गिर्यारोहण संस्थेला आणि शेजारच्या प्राणिसंग्रहालयाला द्यावा. एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, ही संस्था स्थापन झाली आणि तेनसिंग नोर्गे यांनी तिथे तरुणांना डोंगर चढायला शिकवले. संग्रहालयात तांबडा पांडा आणि हिमबिबट्या पाहायला मिळतात.

चहाविषयी गृहिणींना एक विनंती. इथला चहा आल्या-दुधात खळखळा उकळू नये. आधणाचे पाणी पानांवर ओतून तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे आणि बिनदुधाचाच घ्यावा. पहिल्या घोटाला घरची मंडळी नाके मुरडतील. दुसऱ्याला गप्प होतील.

आणि पाणी! डोंगरात एवढा पाऊस पडूनही या गावाला पाण्याची टंचाई आहे. सेंचलची तळी १९१० आणि १९३२ सालची. गाव मात्र त्यानंतर कितीतरी वाढले. कित्येक घरांना आणि हॉटेलांना टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते. म्हणून हॉटेलात बादलीभर पाण्यात स्नान उरकावे. ते पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी घरातले आहे, हे मुलांनाही सांगावे.

उरला तिसरा दिवस. तो कागदावर कोराच ठेवा. आकाश मोकळे असेल तर टायगर हिलवर जा. नसेल तर चौरस्त्यावरच्या बाकावर बसा, महाकालाच्या टेकडीवर चढा. तिथे हिंदू आणि बौद्ध एकाच ठिकाणी हात जोडतात.

एवढे करूनही कांचनगंगा दिसली नाही तर? १९५५ च्या मे महिन्यात जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड हे दोघे ब्रिटिश गिर्यारोहक तिच्या माथ्याशी पोचले. सिक्कीमच्या लोकांना हा पर्वत पवित्र. माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असे वचन दिलेले. ते दोघे शेवटची काही पावले सोडून मागे फिरले, आणि त्यांच्यामागून आलेल्या कित्येकांनी हीच रीत पाळली. जिवावर उदार होऊन तिथवर गेलेल्यांनी एवढे सोडले. आपल्याला एखादी पहाट धुक्याला सोडून देणे जड जाऊ नये.