लीजवर सही करणारा विक्रेता असतो

पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत वायूसाठी विहीर खणायला २०१० सालीच बंदी झाली, पण त्यामुळे इथल्या मराठी कुटुंबांचा लीजचा प्रश्न सुटलेला नाही. नोकरी शहरात असली, तरी मुलांची शाळा आणि मोकळे अंगण पाहून घर घेतले जाते ते बऱ्याचदा बाहेर, वॉशिंग्टन किंवा बटलर काउंटीत. जमिनीखालच्या मार्सेलस शेल या खडकाच्या थरातल्या वायूची धांदल सुरू झाली तीच मुळी वॉशिंग्टन काउंटीतल्या एका विहिरीपासून. भारतात तेल-वायूचे करार सरकार आणि कंपनी परस्पर करतात. पेनसिल्व्हेनियात भूगर्भातला हक्क खासगी मालकीचा असतो, म्हणून वायू काढण्याच्या हक्काचा करार, म्हणजे लीज, करून घ्यायला कंपनीचा प्रतिनिधी, लँडमन, थेट घरमालकाकडे येतो. आपण मंडळी या देशात ग्राहक म्हणून निर्धास्त झालेलो असतो. वस्तू परत करता येते, तक्रारीची दखल घेतली जाते. लीजच्या कागदापुढे हीच सवय घातक ठरते, कारण इथे आपण ग्राहक नसतो.

हे माझे मत नव्हे, न्यायालयाचे आहे. जमीनमालकांना द्यायच्या रॉयल्टीतून बेसुमार वजावट केल्याच्या आरोपावरून राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चेसापीक एनर्जी या वायू कंपनीवर ग्राहक संरक्षण कायद्याखाली खटला भरला होता. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लीजच्या व्यवहारात कंपनी खरेदीदार आहे आणि हा कायदा विक्रेत्यांच्या वागणुकीपुरता आहे. म्हणजे विक्रेते आपण, आणि भाव ठरवताना सावध राहण्याची जबाबदारीही आपलीच. लँडमन ज्या साडेबारा टक्क्यांचे कौतुक सांगतो, ती तर १९७९ च्या कायद्याने ठरवलेली किमान रॉयल्टी आहे. त्यात औदार्य काहीच नाही. शिवाय साडेबारा टक्के कशाचे, हा खरा प्रश्न. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधल्या किल्मर खटल्याच्या निकालानुसार वायू विहिरीबाहेर आल्यानंतर तो गोळा करण्याचा, शुद्ध करण्याचा, वाहून नेण्याचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर रॉयल्टी काढता येते. समजा, हजार घनफुटांना तीन डॉलर मिळाले आणि एक डॉलर खर्च दाखवला, तर मालकाच्या हाती साडेसदतीसऐवजी पंचवीस सेंट पडतात, म्हणजे विक्रीभावाच्या सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. बाजार समितीच्या पट्टीवर आडत, हमाली, तोलाई कापून गेल्यावर हातात काय उरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे गणित नवे नाही. कंपन्या म्हणतात, वाहतुकीने वायूची किंमत वाढते, मग खर्च दोघांनी सोसावा. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण मग कोणता खर्च, किती मर्यादेपर्यंत, हे लीजमध्ये लिहायला हरकत कसली? ‘वजावट नाही’ हे कलम मागितल्याशिवाय मिळत नाही.

‘सही नाही केली तर शेजारच्या विहिरीतून आपला वायू फुकट जाईल’ ही भीती अर्धी खरी आहे. फ्रॅकिंगने, म्हणजे दाबाखाली पाणी सोडून खडक फोडल्याने, शेजारचा वायू वाहत आला तर तो विहीरवाल्याचा, हे २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले; मात्र दुसऱ्याच्या जमिनीखाली प्रत्यक्ष घुसण्याची मुभा त्यात नाही. आडवी विहीर मैलाहून अधिक लांब जाते, आणि मार्सेलसच्या बाबतीत मालकाला सक्तीने सामील करून घेणारा कायदा पेनसिल्व्हेनियात नाही. त्यामुळे वाटेतल्या तुकड्यालाही किंमत येते. पाव एकरवाल्याने एकट्याने फार ताणू नये, हे खरेच. पिट्सबर्ग ज्या काउंटीत येते, त्या काउंटीने २०१३ मध्ये विमानतळाच्या जमिनीवर १८ टक्के मिळवले ते सुमारे ९,००० एकरांच्या जोरावर. म्हणून आळीतल्या शेजाऱ्यांनी मिळून एकच वकील गाठणे हा आपल्यासारख्यांना परवडणारा मार्ग आहे.

मुदतीकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. पाच वर्षांचे लीज विहीर चालू आहे तोवर आपोआप लांबते, अगदी दशकानुदशके, आणि एका कोपऱ्यातल्या विहिरीवर सगळी जमीन अडकून राहते. न वापरलेली जमीन आणि न वापरलेले थर मुदतीनंतर मोकळे करणारे कलम आधीच घालून घ्यावे लागते. त्याहीआधी काउंटीच्या दप्तरात जुनी खरेदीखते तपासायला हवीत. अनेक घरांखालचा हक्क मागच्या कुठल्यातरी मालकाने केव्हाच वेगळा विकलेला असतो. अशा वेळी मालकीची हमी देणाऱ्या छापील कलमाखाली सही झाली असेल, तर सहीच्या वेळी मिळालेल्या बोनसचा धनादेश खर्च झाल्यानंतरही कंपनी ते पैसे परत मागू शकते.